१३०१

माझ्या पहिल्या नोकरीत सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात एक लाल टाकी उभी होती. नळी काढलेली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. तिच्यावर पुसट आकडा : १३०१. मला वाटलं, मॉडेल नंबर असेल. तो निघाला रेणूचा पत्ता. कार्बन एक, फ्लोरीन तीन, क्लोरीन शून्य, ब्रोमीन एक. हॅलॉन १३०१.

रसायनाने आग विझवायची कल्पना त्याहून जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक मोटारीत कार्बन टेट्राक्लोराइडचा पितळी हातपंप ठेवायचे. आग विझायची, पण त्या उष्णतेत फॉस्जीन तयार व्हायचा. हो, पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला तोच. पुढे विमानांत मिथाइल ब्रोमाइड आलं, तेही विषारीच. मग १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांकडून साठेक संयुगं तपासून घेतली आणि त्या शोधातून हॅलॉन १३०१ पुढे आला.

काम मात्र जादूसारखं. खोलीतल्या हवेत पाचेक टक्के मिसळला की ज्वाळा मरते, आत अडकलेला माणूस श्वास घेऊ शकतो, कागद आणि यंत्रं कोरडीच राहतात. ज्वाळा म्हणजे साखळी अभिक्रिया. ब्रोमीन तिच्यातले हायड्रोजनचे मोकळे अणू पकडतो, साखळी तोडतो आणि सुटून पुन्हा त्याच कामाला लागतो.

हाच गुण वर जाऊन नडला. स्थितांबरात अतिनील किरणांनी हॅलॉन फुटतो, ब्रोमीन सुटतो आणि तसाच न थकता ओझोन तोडत राहतो. सीएफसी-११ची ओझोनहानी १ धरली, तर १३०१ची १०. मला खटकतं ते वेगळंच : यातला बराचसा वायू आगीवर खर्च झालाच नाही. चाचण्या, प्रशिक्षण आणि गळतीत गेला.

१९८७च्या माँट्रियल कराराने उत्पादन गोठवायचं ठरवलं. १९९२मध्ये कोपनहेगनला विकसित देशांत ते १९९४पासूनच थेट बंद करायचं ठरलं; भारतासारख्या देशांना मुदत मिळाली २०१०ची. बदली आलेला एचएफसी-२२७ ओझोनला हात लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या तीनेक हजार पट तापवतो. २०१६मध्ये किगालीला त्याचाही नंबर लागला.

विमानांच्या सामानकक्षात मात्र अजून १३०१च असतो, जुन्या साठ्यातला, शुद्ध करून पुन्हा भरलेला. मागे पुण्याहून दिल्लीला जाताना मी खिडकीशी बसले होते. ढग खाली राहिले होते. पायाखाली सगळ्यांच्या बॅगा होत्या, आणि त्यांच्या राखणीला तो.