काम्पेनचं फिरतं मूत्रपिंड

सॉसेजचं मांस भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी डॉक्टर विलेम कोल्फ यांनी घेतली, तिच्यात युरिया मिसळलेलं थोडं रक्त भरलं आणि ती मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. थोड्याच वेळात जवळजवळ सगळा युरिया पाण्यात उतरला. रक्त मात्र जागच्या जागी!

हा उद्योग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा. १९३८ साली तिथल्या इस्पितळात मूत्रपिंडं निकामी झालेला २२ वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा कोल्फ यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. यकृताने तयार केलेला युरियाही त्यातूनच जातो. तो साचत गेला तर काय होतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. उपाय तेवढा नव्हता.

प्रयत्न आधीही झाले होते. बाल्टिमोरमध्ये जॉन एबल यांनी १९१३ मध्ये कुत्र्यांचं रक्त शरीराबाहेर काढून गाळलं. ते गोठू नये म्हणून लागणारं द्रव्य मिळायचं जळवांच्या डोक्यांतून. जर्मनीत गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर प्रयोग केला. कोल्फ यांच्या वेळेपर्यंत रक्त गोठू न देणारं हेपारिन आलं होतं, पण जर्मन सैन्यही आलं होतं.

कोल्फ आता काम्पेन या छोट्या गावात काम करत होते. जर्मन अमलाखाली तिथल्या एनॅमल कारखान्याच्या मालकांनी, बेर्क यांनी, त्यांच्या रक्त गाळण्याच्या यंत्राला हातभार लावला. आडव्या ड्रमवर सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळलेली, ड्रमचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या टाकीत. ड्रम फिरला की नळीतलं रक्त पुढे सरके. फिरत्या ड्रमला स्थिर नळी जोडायची कशी? ती युक्ती फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून उचललेली. सामानाच्या टंचाईत ड्रमला पट्ट्याही लाकडाच्या लावाव्या लागल्या.

मार्च १९४३ मध्ये पहिली रुग्ण आली, २९ वर्षांची. दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. बारा खेपांनंतर उघडायला जागाच उरली नाही आणि ती गेली. पहिल्या सोळांपैकी पंधरा दगावले. वाचलेला एकजण यंत्राशिवायही वाचला असता, असं कोल्फ स्वतःच म्हणत. इतका प्रामाणिक हिशेब फार थोडे संशोधक मांडतात.

सतरावी रुग्ण ६७ वर्षांची, नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत असलेली. गावाला तिच्याविषयी प्रेम असण्याचं कारण नव्हतं. सप्टेंबर १९४५ मध्ये ती यंत्रावर असताना शुद्धीवर आली आणि पहिली गोष्ट कोणती बोलली, तर नवऱ्याला सोडणार असल्याची! पुढे ती काही वर्षं जगली.

रक्तवाहिन्यांचा पेच मात्र १९६० पर्यंत सुटला नाही. सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली आणि तेच रुग्ण पुन्हा पुन्हा यंत्रावर घेता येऊ लागले. आता यंत्रं कमी पडू लागली. मग कोणाला घ्यायचं हे ठरवायला तिथे सात जणांची समिती बसली. तीत एक धर्मगुरू, एक वकील, एक बँकर, एक गृहिणीसुद्धा होती.