अजिंठ्याचा शोध कोणी लावला?

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी शालेय पुस्तकापासून मार्गदर्शकाच्या तोंडपाठ भाषणापर्यंत एकच कथा सांगितली जाते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास इलाख्याच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असता वाघूर नदीच्या पलीकडील कड्यात त्याला एक कमान दिसली. ते क्रमांक १० चे लेणे होते. आत जाऊन त्याने चित्र असलेल्या एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात माती व दगडांचा थर साचलेला होता, म्हणून ती अक्षरे आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात. कथा रंजक आहे आणि तिचा पुरावाही खांबावर आहे. तथापि, तिला 'शोध' म्हणावे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

कारण ही लेणी हरवली होती ती नेमकी कोणासाठी? परिसरातील भिल्ल आणि गुराखी यांना त्या दरीची वाट ठाऊक होती. दख्खनच्या फारसी इतिहासकारांनाही अशा लेण्यांचे ज्ञान होते. अजिंठ्यापासून फार दूर नसलेल्या वेरूळची हकीकत पाहा. अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यातील शिपाई वेरूळची लेणी पाहण्यास गेले असता देवलदेवी त्यांच्या हाती लागली, असे फिरिश्ता लिहितो. विजापूरच्या दरबारातील रफीउद्दीन शिराझी याने सतराव्या शतकाच्या आरंभी 'तझकिरतुल मुलूक' या ग्रंथात वेरूळचे कौतुकाने वर्णन केले आहे. त्याहीपूर्वी, सातव्या शतकात, चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरातील एका विहाराचा आणि त्याच्या दारातील दगडी हत्तींचा उल्लेख केला. तो विहार अजिंठ्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

स्मिथनंतर जे घडले ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. १८२८ साली मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड यांनी क्रमांक १७ च्या लेण्यातील चित्रातून काही आकृत्या भिंतीवरून सोलून काढल्या. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवर लावलेले व्हार्निश मात्र भिंतीवरच राहिले आणि पुढे काळवंडले.

चीनमधील तुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांचे नशीब याहून वेगळे नव्हते. १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला तेथे हस्तलिखितांनी भरलेली एक बंद खोली सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी तिच्यातील हजारो हस्तलिखिते युरोपात नेली. तेथील रखवालीचे व अभ्यासाचे काम १९४४ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाल्यावर नियमितपणे सुरू झाले. या बाबतीत अजिंठा तीस वर्षे पुढे होता, हे फारसे सांगितले जात नाही.

अजिंठा निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम यजदानी (१८८५-१९६२) त्याचे संचालक झाले. ते मूळचे दिल्लीचे, अरबी-फारसीचे पंडित. मुस्लिम शिलालेखांच्या नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. अशा विद्वानाने आयुष्याची चाळीस वर्षे बौद्ध भित्तिचित्रांना दिली. जातककथा समजल्याशिवाय चित्र समजत नाही, म्हणून त्यांनी एकेक प्रसंग ओळखून त्याचे वर्णन लिहिले. त्यांच्या 'अजंता' या ग्रंथाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात संस्थान विलीन झाले, तरी ग्रंथ थांबला नाही.

या कामात हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमद यांचे नाव मागे पडले आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या नकलांच्या मोहिमेत नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते, हे सर्वांना माहीत असते. सय्यद अहमद आणि फजलुद्दीन हेही त्यात होते, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. पुढे सय्यद अहमद लेण्यांचे अभिरक्षक झाले.

खात्याकडून चुका झाल्या नाहीत असे नाही. १९२० ते १९२२ या दोन हंगामांत चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, त्यामुळे कितीतरी चित्रे वाचली. पण त्यांनी वापरलेली लाख नंतर पिवळी पडली आणि तिने रंग झाकले.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागाचा संबंध येतो तो शिलालेखांच्या बाजूने. क्रमांक १६ चे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदविले. तेथील झिजलेला लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात वाचला, नंतर ब्यूलर यांनी. पण त्यातील वंशावळ विदर्भातील ताम्रपटांशी जुळेना. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला, तेव्हा कोडे सुटले. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची आणि दुसरी वत्सगुल्म म्हणजे वाशीमची. अजिंठा हे वाशीमच्या शाखेचे काम. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी या प्रकाशात क्रमांक १६ चा लेख पुन्हा वाचला, आणि १९४१ मध्ये तो निजामाच्याच पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत छापला गेला.

नंदिवर्धन शाखेच्या प्रवरसेन दुसरा याचा एक ताम्रपट खुद्द पांढुर्ण्याचा आहे. तोही मिराशींनी १९६३ च्या आपल्या वाकाटक लेखसंग्रहात समाविष्ट केला. ताम्रपटात दान दिलेल्या जमिनीचा तपशील असतो, चित्रे नसतात, म्हणून तो पाहण्यास कोणी सहलीने जात नाही. पण अशा ताम्रपटांशी ताडून पाहिल्यावरच अजिंठ्याच्या भिंतीवरील राजांची नावे सरळ लागली.

क्रमांक ९ आणि १० च्या लेण्यांतील लाखेचा व व्हार्निशचा थर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी १९९९ नंतर हळूहळू काढण्यास घेतला. त्याखालून इसवी सनापूर्वीच्या काळातील चित्रे पुढे आली. ज्या लेण्यात स्मिथने आपले नाव कोरले, तेच हे क्रमांक १० चे लेणे.