काळी, पांढरी आणि रान : आरमोरी परिसरातील स्थानिक कर व अनुदाने

जुन्या मराठी गावाचे दोन भाग मानले जात : पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात काळीवर जमीनमहसूल, तर शेती न करणाऱ्या रहिवाशांवर ‘पांढरी’ या नावाचाच कर होता. इंग्रजी अंमलाने तो पुढे चालविला व 1867 साली त्यासाठी कायदा केला. वैनगंगेकाठच्या आरमोरीच्या मुलखात मात्र गावाला तिसरा भाग होता, तो म्हणजे रान. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील स्थानिक संस्थांच्या अर्थकारणाचा विचार करताना या तिसऱ्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

मध्य प्रांतात 1883 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे अस्तित्वात आली. त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीनमहसुलावरील उपकर हा होय. महसूल दीर्घ मुदतीच्या जमाबंदीने ठरलेला असल्यामुळे उपकरही तेथेच थांबे. आणि जेथे शेतापेक्षा जंगल अधिक, तेथे तो मुळातच अल्प. सागवान व बांबू यांचे उत्पन्न प्रांतिक खजिन्यात जमा होई. कौन्सिलांच्या वाट्यास उरत ते कोंडवाडे, नावघाट, बाजार अशा किरकोळ बाबी. शाळा व रस्ते यांसाठी सरकारी अनुदानाकडे पाहण्याची सवय तेव्हापासूनची आहे. 1948 साली प्रत्येक तहसिलीसाठी जनपद सभा निर्माण झाली. तिची कर्तव्ये विस्तृत होती, परंतु करांचा पाया पूर्वीचाच राहिला.

या विसंगतीचे ठळक उदाहरण तलावांचे आहे. झाडीपट्टीतील धानाची शेती तलावांवर व बोड्यांवर अवलंबून असे. मालगुजाराच्या काळात पाळीची दुरुस्ती त्याच्या खर्चाने व गावकऱ्यांच्या श्रमाने होई. तो खर्च कोणत्याही सार्वजनिक हिशेबात दिसत नसे. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली आणि तलाव शासनाचे झाले. पूर्व विदर्भातील अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. ‘मामा तलाव’ हे त्यांचे लोकप्रचलित नाव त्या संक्षेपातूनच आले. जे काम धान्याने व श्रमाने भागत होते, ते आता रोख रकमेने करावयाचे झाले. पुढे बहुसंख्य तलावांची देखभाल जिल्हा परिषदांकडे आली. परंतु पाण्याचा वापर हा गावाचा परंपरागत हक्क असल्याने नवी पाणीपट्टी बसविणे सोपे नव्हते. यात शेतकऱ्याचा दोष काढणे न्याय्य होणार नाही. पूर्वापार मिळत आलेल्या पाण्याचे पैसे त्याने का द्यावेत, याचे समाधानकारक उत्तर शासनाजवळही नव्हते. जबाबदारी आली, उत्पन्न आले नाही. आणि तलावांत गाळ साचत गेला.

1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या. उपकर राहिलाच, त्याच्या जोडीला महसुलाच्या प्रमाणात, आस्थापनेसाठी व विशिष्ट प्रयोजनांसाठी अनुदाने आली. त्यांतील मोठा भाग शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या वेतनात जातो, त्यामुळे सदस्यांना निर्णयास वाव थोडा. चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान (2015–20) केवळ ग्रामपंचायतींना मिळाले. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना वाटा दिला, पण बराच भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांस बांधून ठेवला. तलावाची पाळ फुटली तर तो बांधलेला निधी तिच्या कामी येत नाही.

रानाचे उत्पन्न गावाच्या हिशेबात येण्याची सुरुवात शेजारच्या धानोरा तालुक्यात झाली. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये मेंढा (लेखा) या गावास 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, व बांबूविक्रीची रक्कम तिच्या खात्यात जमा होऊ लागली. हा कर नव्हे, अनुदानही नव्हे. स्थानिक वित्ताच्या रूढ वर्गीकरणात त्यास जागा नाही. 2015 पासून अनुसूचित क्षेत्रातील गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट देण्याची व्यवस्था झाली. आरमोरी तालुक्याचा काहीच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे एकाच जंगलाला लागून असलेल्या दोन गावांपैकी एकाच्या जमाखर्चात ही रक्कम येते, दुसऱ्याच्या येत नाही.