स्कूबा बुडीनंतरच्या शारीरिक संवेदना (नवशिक्यांमधील)

पाठीवरच्या टाकीतील हवा नळीने तोंडात घेत प्रथमच पाण्याखाली गेलेल्या माणसाला वर आल्यावर जाणवणाऱ्या तक्रारी : कानाला बसलेले दडे, कपाळात ठणका, भोवळ, जमीन डोलल्याचा भास, नाकातून रक्तमिश्रित शेंबूड, डोळ्यांची लाली, अवघडलेला जबडा, थकवा इत्यादी. यांतील बहुतेक एक-दोन दिवसांत आपोआप शमतात. मोजक्या तातडीच्या असतात आणि त्या नेमक्या ओळखणे हेच या विषयाचे व्यावहारिक महत्त्व.

महाराष्ट्रात हा अनुभव मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, तारकर्ली व देवबाग येथे घेतला जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. याखेरीज गोव्यातील ग्रँड बेट, मुरुडेश्वरजवळील नेत्राणी व अंदमानातील स्वराज द्वीप ही मराठी पर्यटकांच्या परिचयाची ठिकाणे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा हा व्यवसाय बंद असतो. पर्यटकाची बुडी थोडा वेळ व उथळ पाण्यात होते. प्रशिक्षक त्याला धरूनच खाली नेतो. प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीसाठी सर्वसाधारणपणे १२ मी. ही कमाल मर्यादा मानली जाते. मालवणला प्रत्यक्षात याहून कमी खोलीवरच काम भागते.

कारण : समुद्रसपाटीवर १ वातावरण असलेला दाब दर १० मी. खोलीला सुमारे १ वातावरणाने वाढतो. रॉबर्ट बॉइल यांच्या १६६२ मधील नियमानुसार १० मी. वर बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे होते, २० मी. वर एक-तृतीयांश. म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. शरीरातील द्रवाला याचे काही वाटत नाही. मध्यकर्ण, कपाळ व गालांतील हाडांच्या पोकळ्या, फुप्फुसे आणि मुखवट्याच्या आतली जागा अशा हवेच्या जागांना वाटते. उथळ बुडी निर्धोक असते, हा समज कानाच्या बाबतीत तरी खरा नाही.

कान : नवशिक्यांच्या तक्रारींत कानाचा क्रमांक पहिला. मध्यकर्णातील हवा घशाशी जोडणारी यूस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना ती वारंवार उघडावी लागते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकण्याची रीत अंतोन्यो मारिया वाल्साल्वा (१६६६–१७२३) या इटालियन शारीरविज्ञाच्या नावाने ओळखली जाते. सुमारे सव्वा मीटर खोलीपर्यंत कान मोकळा केला नाही, तर दाबाच्या फरकाने नलिकेचे तोंड घट्ट मिटते आणि मग फुंकूनही उघडत नाही. अशा वेळी थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करणे हाच उपाय. पण पर्यटकाचे लक्ष मासे आणि कॅमेऱ्याकडे असते, शिवाय पैसे भरलेले असतात; तो दुखणे सोसतो. दाबातील फरक वाढत गेला की पडद्याच्या केशवाहिन्या फुटतात, मध्यकर्णात रक्तमिश्रित द्रव साचतो आणि क्वचित पडदा फाटतो. पडदा दीड मीटरइतक्या उथळ पाण्यातही फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आढळतात. फाटताना दुखणे एकाएकी थांबते व थंड पाणी आत शिरल्याने जोराची चक्कर येते. दुखणे थांबले म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्याचा कान याच वेळी सर्वाधिक तपासण्याजोगा असतो.

दुसऱ्या दिवशी कान भरल्यासारखा वाटतो, स्वतःचा आवाज आत घुमतो, गिळताना टकटक होते. ‘कानात पाणी राहिले’ असे रुग्ण सांगतो. पडदा शाबूत असेल तर समुद्राचे पाणी त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. आतला द्रव शरीरानेच पाझरवलेला असतो. त्यामुळे एका पायावर उड्या मारणे, काडी घालणे किंवा घरोघरी चालणारा कोमट तेलाचा उपाय निरुपयोगी ठरतो आणि पडदा फाटलेला असल्यास घातकही. तपासणीआधी कानात काहीही घालू नये. साधा दडा काही दिवसांत, साचलेला द्रव दोन-तीन आठवड्यांत जिरतो. लहान छिद्र बहुधा आपोआप भरते. तोवर पुन्हा बुडी घेऊ नये आणि पडदा फाटला असल्यास कान कोरडा ठेवावा.

मिटलेल्या नलिकेविरुद्ध जोर लावून फुंकले असता अंतर्कर्णाचा नाजूक पडदा फाटू शकतो. सतत गरगरणे, कानात गुणगुण आणि ऐकू येण्यात अचानक घट ही त्याची लक्षणे. ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जाण्याची बाब आहे. दडा समजून थांबल्यास श्रवण कायमचे जाण्याचा धोका असतो. वर येताना दोन्ही कान सारख्या वेगाने मोकळे न झाल्यास काही सेकंद ते मिनिटे भोवळ येते. हा प्रकार क्लेस लुंडग्रेन यांनी १९६५ मध्ये वर्णिला. तो निरुपद्रवी आहे, परंतु पाण्याखाली घाबरवून सोडतो.

सर्दी असताना बुडी घेऊ नये याबाबत एकमत आहे. नाक मोकळे करणारे थेंब बुडीआधी वापरावेत की नाही, याबाबत नाही : औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला, तर वर येताना हवा कोंडते.

नाक व डोळे : पोकळ्यांच्या अस्तरातून येणारे थोडे रक्त मुखवटा काढल्यावर दिसते आणि नातेवाइकांना घाबरवते, बहुधा चिंतेचे कारण नसते. मुखवट्यात नाकाने हवा न सोडल्यास आत पोकळी निर्माण होऊन डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होतो. दिसण्यात फरक नसेल, तर ही लाली दोन आठवड्यांच्या आत ओसरते.

दात : सदोष भरणाखाली हवा असल्यास ठणका.

डोलल्याचा भास : बोट लागणे वेगळे आणि हे वेगळे. किनाऱ्यावर आल्यावर, विशेषतः अंथरुणाला पाठ टेकल्यावर, अंग हेलकावे घेत असल्यासारखे वाटते. काही तास, फार तर दोन दिवस टिकते.

थकवा, तहान, डोकेदुखी : पाणी हवेच्या सुमारे वीस-पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. बुडालेल्या शरीरात रक्त छातीकडे सरकते, मूत्रपिंडे अधिक पाणी टाकतात, टाकीतली हवा कोरडी असते. परिणामी घसा सुकतो. उथळ व धास्तावलेल्या श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड साचून डोके दुखते. जबड्याचा अवघडलेपणा तोंडातला रबरी तुकडा दातांनी आवळून धरल्याचा.

वायुबुडबुड्यांचा विकार : सर्वाधिक भीती याची, आणि पर्यटकांच्या उथळ बुडीत तो सर्वांत दुर्मिळ. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो. पॉल बेर यांनी १८७८ मध्ये कारण दाखवले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धकाळात दाबाच्या कोठडीत स्वतःवर प्रयोग करून घेतले व पाठीचे दुखणे ओढवून घेतले. सांधेदुखी, संगमरवरी छटेचे चट्टे, मुंग्या, पायांतील अशक्तपणा, लघवी अडणे ही लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ सर्व २४ तासांच्या आत दिसतात.

श्वास रोखून वर येणे याहून धोक्याचे आहे. मीटर-दीड मीटर पाण्यातूनही फुप्फुस फाटू शकते. वर आल्याबरोबर छातीत दुखणे, धाप, आवाज बदलणे, बेशुद्धी वा एका बाजूची शक्ती जाणे असे घडल्यास शुद्ध प्राणवायू देत रुग्णालय गाठावे.

परतीचा प्रवास : विमानाच्या केबिनमधील दाब सुमारे १,८०० ते २,४०० मी. उंचीवरच्या दाबाइतका असतो. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर १८ तास उड्डाण टाळावे, असा प्रचलित दंडक आहे. तो ६०० मी. हून उंच रस्त्यांनाही लागू पडतो. माळव्याचे पठार इंदूरजवळ साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, तेव्हा इंदूर जिल्ह्यातील देपालपूरसारख्या गावच्या पर्यटकाला घरी पोचण्यात काही वावगे नाही; मात्र मालवणहून त्याच दुपारी आंबोली (सुमारे ६९० मी.) चढणारा हा उंबरठा ओलांडतो. सहा-सात मीटरांच्या एकाच बुडीनंतर त्याचे प्रत्यक्ष महत्त्व किती, याविषयी तज्ज्ञांचा कल सौम्य आहे. दुखऱ्या कानाला मात्र प्रत्येक घाट जाणवतो : चढताना सैलावतो, माळव्याच्या वाटेवरील सेंधव्याकडे येताना खानदेशच्या उतारावर पुन्हा दडा बसतो.

उपचार : बुडबुड्यांच्या विकारावर दाबकोठडीतील प्राणवायू. मुंबईतील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात या शाखेची परंपरा आहे. देपालपूर वा इंदूरला पोचल्यावर तक्रार सुरू झाली, तर डॉक्टरांना बुडीची तारीख, वेळ, खोली आणि नंतरचा विमानप्रवास आवर्जून सांगावा. समुद्राचा उल्लेख झाला नाही, तर मुंग्यांचे निदान मानेच्या मणक्याकडे आणि भोवळीचे पित्ताकडे वळते.