डाव आणि त्याची तोड

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आमच्या फुटबॉलबद्दल सांगायला बसलं की पहिली पाच मिनिटं नुसती नावं समजावण्यात जातात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ... "अहो, पण ही तर आखाड्यांची नावं झाली!" बरोबर आहे. आखाडेच ते. शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि पुढे त्याच तालमींची पोरं लाल मातीतून उठून फुटबॉलच्या मागे धावू लागली. खेळ बदलला, पण पाटीवरचं नाव काही बदललं नाही.

मला नेहमी वाटतं की नावाबरोबर आणखी एक गोष्ट तशीच राहिली, ती म्हणजे बघायची नजर. मातीतली कुस्ती निकाली. पाठ मातीला लागली की संपलं, नाहीतर काही झालंच नाही. तासभर दोन पैलवान एकमेकांना तोडीस तोड भिडले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली, तर लोक चरफडत घरी जातात. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला माणूसही असाच. त्याला गोल पाहिजे. ज्यानं गोल मारला त्याचं नाव रात्री पेठेतल्या कट्ट्यावर, दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर. बॅकचं नाव कधी निघतं? त्याच्या पायातून चेंडू सुटला तर! मग मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

हे सगळं आज लिहायचं निमित्त म्हणजे माझा भाचा. चौदा वर्षांचा आहे आणि बॅक खेळतो. चांगला खेळतो, असं त्याला शिकवणारेच सांगतात. गेल्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "मामा, मला पुढं खेळवत असले तर खेळणार, नाहीतर सोडणार. बॅककडं कोण बघतंय?" त्याच्या आईला वाटतंय, बरंच झालं, दहावी जवळ आली. मला तसं वाटत नाही. पण तोंडी मला काही त्याला पटवता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात. कोणीतरी त्याच्यापुढे धरेलच.

तर, इतिहासापासून सुरुवात करू.

फुटबॉलमध्ये एके काळी गॅलरीच्या मनासारखंच होतं. पाच फॉरवर्ड, तीन हाफ आणि दोन बॅक. आपल्याकडची जुनी माणसं अजून 'राइट आउट', 'लेफ्ट इन' म्हणतात ना, ते ह्या पाचांतले. दहातले पाच पुढे म्हणजे गोलांचा पाऊस पडायला हवा. पण पडत नव्हता. कारण ऑफसाइडचा नियम. पुढे गेलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. मग बॅक काय करायचे, तर एकानं दोन पावलं पुढे सरकायचं, की समोरचा फॉरवर्ड आपोआप ऑफसाइड! न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन ह्यात इतका तरबेज होता की त्याचा संघ कंटाळवाण्या खेळासाठी बदनाम झाला.

१९२५ मध्ये नियम बदलला, तीनऐवजी दोन खेळाडू पुरे झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात त्याआधीच्या मोसमात ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमात तेवढ्याच सामन्यांत १७०३ झाले. एका वाक्याच्या बदलानं पाचशेवर गोल वाढले! लोक खूश. पण आर्सेनलचा हर्बर्ट चॅपमन नव्या नियमावर उतारा शोधत होता. त्यानं मधल्या हाफला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभा केला आणि दोन फॉरवर्डना थोडं मागे घेतलं. लिहायला दोन ओळी लागल्या, पण फुटबॉलची पुढची कित्येक वर्षं ह्या दोन ओळींवर चालली. आणि गंमत बघा, माणसं मागे घेणारा हा संघ भित्रा ठरला नाही. १९३० च्या दशकात आर्सेनलनं पाच वेळा विजेतेपद मिळवलं.

आता वळू आपल्या देशाकडे. १९६२ ची जकार्ताची एशियाड. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० अशी हार. पुढे थायलंडविरुद्ध आपला सगळ्यात भरवशाचा बॅक जर्नेल सिंग डोकं फोडून घेऊन बाहेर आला. टाके पडले. बचावात उभं राहण्याच्या स्थितीत तो नव्हता. रहीमसाहेबांनी काय करावं? त्याला उपांत्य सामन्यात फॉरवर्डला उभा केला. त्या सामन्यात जर्नेलनं गोल केला. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया, आणि जर्नेलचा पुन्हा गोल. एक पी. के. बॅनर्जींचा, एक ह्याचा. २-१. सुवर्णपदक! अरुण घोषसारख्यांनी मागची बाजू सांभाळली नसती तर हा जुगार अंगाशी आला असता, हेही तितकंच खरं. पण आयुष्यभर फॉरवर्डना अडवणाऱ्या माणसाला फॉरवर्डनं कुठे जायला हवं हे पक्कं माहीत असणार, नाही का?

हे झालं जुनं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आणि आकड्यांनिशी मांडता येईल असं उदाहरण म्हणजे मुंबई सिटीचा २०२०-२१ चा संघ. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा. हा स्पॅनिश माणूस आधी एफ.सी. गोवामध्ये होता. त्याचे चार मोसम मी वहीत शेजारी शेजारी मांडले, तुम्हीही बघा:

२०१७-१८, गोवा: १८ सामने, ४२ गोल केले, २८ खाल्ले. साखळीत तिसरे, उपांत्य फेरीत बाद.
२०१८-१९, गोवा: १८ सामने, ३६ केले, २० खाल्ले. दुसरे, अंतिम फेरीत हार.
२०१९-२०, गोवा: १८ सामने, ४६ केले, २३ खाल्ले. साखळीत पहिले, पण शेवटच्या तीन सामन्यांआधीच लोबेराला निरोप.
२०२०-२१, मुंबई: २० सामने, ३५ केले, १८ खाल्ले. साखळीत पहिले आणि अंतिम सामनाही जिंकला.

सामन्यामागे सरासरी काढली तर चारही वर्षांत सगळ्यात कमी गोल केले ते मुंबईनं, पावणेदोन. आणि सगळ्यात कमी खाल्लेही मुंबईनंच, एकापेक्षा कमी. दोन्ही मान मिळाले ते नेमके त्याच वर्षी. २०१९ च्या अंतिम सामन्यात लोबेराच्या गोव्याला हरवणारा एकमेव गोल कोणाचा होता ठाऊक आहे? ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर उडी मारणाऱ्या बंगळुरूच्या राहुल भेकेचा. मुंबईचा मुलगा, आणि खेळायची जागा बचावात!

मग लोबेरानं मुंबईत येऊन बचाव वाढवला का? म्हणजे आठ जण गोलपुढे उभे केले का? अजिबात नाही. ते काम त्या वर्षी कोलकात्याचा ए.टी.के. मोहन बागान संघ करत होता. हाबास त्यांचा प्रशिक्षक. मागे घट्ट उभं राहायचं, चेंडू मिळाला की रॉय कृष्णाला शोधायचं. कृष्णानं एकट्यानं १४ गोल केले. त्यांनी साखळीत केले २८, खाल्ले फक्त १५. मुंबईची तऱ्हा उलटी. गोली अमरिंदर जवळचाच पास देणार, दोन मधले बॅक रुंद होणार, त्यांच्यामध्ये मोरोक्कोचा अहमद जाहू खाली येऊन चेंडू घेणार, बाजूचे बॅक थेट समोरच्या अर्ध्यात. त्यातला डावा बॅक मंदार राव देसाई, मूळचा विंगचा खेळाडू. लोबेरानंच गोव्यात असताना त्याला मागे आणलेला. चेंडू गेला तर पळत मागे यायचं नाही, गेला तिथेच चार जणांनी झडप घालायची. चेंडू स्वतःकडे ठेवणं हाच त्यांचा बचाव होता. समोरच्याकडे चेंडूच नाही तर तो गोल मारणार कशानं?

दोन संघ, दोन टोकांचे विचार. आणि वीस वीस सामन्यांनंतर? दोघांचे १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, ४० गुण! कादंबरीत लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. आपसातले दोन्ही सामने मुंबईनं जिंकले होते म्हणून पहिलं स्थान त्यांना. त्यातला शेवटचा, २८ फेब्रुवारीचा, सामना २-० असा सुटला आणि पहिला गोल होता मधला बॅक मूर्तादा फॉल ह्याचा. घ्या!

१३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात पुन्हा हेच दोघे अंतिम सामन्यात. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. मला सुरुवातीला ते बघवत नव्हतं. गॅलरीशिवाय फुटबॉल म्हणजे तांबड्या-पांढऱ्याशिवाय मटणाचं ताट. पण थोड्या वेळानं एक गोष्ट कानावर आली. मागून ओरडणारे बॅक आणि गोली! 'सरक', 'सोड', 'माणूस आला'... हा आवाज एरवी आपणच आपल्या शिट्ट्यांनी बुडवून टाकतो.

त्या सामन्यात १८ व्या मिनिटाला जाहू आपल्याच अर्ध्यात चेंडू खेळवत बसला, कृष्णानं तो हिसकावला, डेव्हिड विल्यम्सनं गोल. म्हणजे मुंबईच्या पद्धतीतला धोका जिथे होता तिथूनच घाव बसला. दुसरा एखादा संघ घाबरून लांब लाथा मारू लागला असता. पण दहाएक मिनिटांनी त्याच जाहूनं मागून उंच, मोजून चेंडू टाकला. पळत्या बिपिन सिंगपर्यंत तो पोहोचू नये म्हणून तिरीनं डोकं लावलं आणि चेंडू त्याच्या स्वतःच्याच जाळ्यात. १-१. पुढे मुंबईचा तरुण बॅक अमेय रानवडे डोक्याला मार लागून स्ट्रेचरवरून बाहेर गेला. शेवटी ९० व्या मिनिटाला बागानचा गोली पुढे आला, चेंडू दूर करायला चुकला, ओगबेचेनं तो बिपिनकडे दिला. २-१.

आता सांगा, जाहू आक्रमक की बचावपटू? त्यानं एक गोल दिला आणि एक मिळवून दिला, दोन्ही एकाच जागेवरून. कुठल्याही वस्तादाला हे कोडं पडणार नाही. डाव टाकायला पुढे झुकलास की तुझं अंग उघडं पडतं, आणि समोरच्याचा डाव तोडताना जी पकड सापडते तिथूनच आपला डाव सुरू होतो. तालमीत डाव आणि तोड वेगवेगळ्या पोरांना शिकवत नाहीत. दोन्ही एकाच पोराला शिकवतात. फुटबॉलमध्ये मात्र आपण पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे करून बसलो.

ह्याची किंमत आपण मोजलेली आहे. २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत खेळला. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव फॉरवर्ड होता. आम्ही सगळे टीव्हीला चिकटून. अमेरिकेविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना अन्वर अलीचा फटका आडव्या दांडीवर आदळला आणि त्याच हल्ल्यातून परतलेल्या चेंडूवर अमेरिकेनं तिसरा गोल केला. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅकसन सिंगनं डोक्यानं गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला. आमच्या गल्लीत आरडाओरडा संपायच्या आत कोलंबियाचा दुसरा गोल झालेला होता! त्या पोरांची मेहनत मी कमी लेखत नाही, बलाढ्य संघांपुढे ती जीव तोडून खेळली. पण तीन सामन्यांत एक केला, नऊ खाल्ले, हा हिशोब नुसता फॉरवर्डच्या पायावर मांडता येत नाही. चेंडू मागून नीट आला नाही तर पुढे उभा असलेला अनिकेत तरी काय करणार?

बरं, नुसता बचावच थोर असंही मला म्हणायचं नाही. बागाननं फक्त १५ गोल खाल्ले आणि तरी त्यांच्या हाती त्या वर्षी काही लागलं नाही. उलट टोकाचं उदाहरणही मुंबई सिटीचंच आहे. लोबेरा गेल्यावर २०२२-२३ मध्ये त्यांनी वीस सामन्यांत तब्बल ५४ गोल केले, २१ खाल्ले, साखळीत पहिले आले, आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर बाद झाले. फुटबॉल आहे शेवटी, त्याला वहीतली बेरीज मान्य असतेच असं नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या गावाला नजर दोन्हीकडे वळवायला हवी. पोरं कुठे खेळायचं हे प्रशिक्षकाला विचारून कमी आणि गॅलरीकडे बघून जास्त ठरवतात. आपण ज्याच्यासाठी शिट्टी मारतो, तसं त्यांना व्हायचं असतं. पेठेतल्या प्रत्येक पोराला गोल मारायचा असेल तर चेंडू मागून आणणार कोण? व्यावसायिक संघ माणसं निवडायला येतात तेव्हा त्यांना नऊ फॉरवर्ड नको असतात. राहुल भेके, मंदार राव देसाई, अमेय रानवडे ही आपल्या भागातली नावं मोठ्या मैदानावर दिसली ती मागच्या रांगेत, हे तरी लक्षात घ्या.

तेव्हा पुढच्या मोसमात शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा एक करा. दहाच मिनिटं चेंडूकडे बघू नका. आपल्या संघाच्या एका बॅककडे बघा. चेंडू समोरच्या गोलपाशी असताना तो कुठे उभा आहे, कोणाला हात करतोय, कधी दोन पावलं मागे येतोय. आणि त्यानं एखादा पास वेळेत तोडला, की गोल झाल्यासारखी एक सणसणीत शिट्टी मारा. शेजारचे वळून बघतील. बघू द्या.

असो. भाचेबुवा, वाचलंत का इथपर्यंत?