मालक बदलले, यजमान टिकले

लॅरी ब्रिलियंट हा अमेरिकी डॉक्टर 1970च्या दशकात भारतात देवीच्या साथीचा माग काढत गावोगाव हिंडत होता. नैनितालजवळच्या कैंचीच्या आश्रमात नीम करोली बाबांच्या सहवासात राहिलेला हा माणूस जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत दाखल झाला आणि 1975 मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला जाईपर्यंत त्या कामात राहिला. पुढे त्याने आणि त्याच्या मित्रांनी अंधत्व निवारणासाठी ‘सेवा’ ही संस्था काढली. नेपाळमध्ये या संस्थेच्या कामावरचं हेलिकॉप्टर बंद पडलं तेव्हा ब्रिलियंटने मिशिगन विद्यापीठाच्या संगणकावरची ‘कॉन्फर’ नावाची चर्चाप्रणाली वापरली. टेलिफोनच्या तारेवरून वेगवेगळ्या देशांतली माणसं एका धाग्यात लिहू लागली आणि नव्या इंजिनाची व्यवस्था झाली. दूरदूरची माणसं नुसतं लिहून एकत्र काम करू शकतात, ही गोष्ट त्याच्या मनात तिथून पक्की झाली.

1984 मध्ये त्याची गाठ स्ट्युअर्ट ब्रँडशी पडली. ब्रँड म्हणजे 1968 मध्ये ‘होल अर्थ कॅटलॉग’ काढणारा अवलिया संपादक. ब्रिलियंटच्या कंपनीने संगणक आणि प्रणाली द्यायची, ब्रँडच्या बाजूने माणसं आणायची, मालकी निम्मी-निम्मी, असं ठरलं. 1 एप्रिल 1985 रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावी ‘होल अर्थ ’लेक्ट्रॉनिक लिंक’, म्हणजेच ‘द वेल’, सुरू झाला. महिन्याला 8 डॉलर आणि वर तासाला 2 डॉलर, असा दर होता. एक व्हॅक्स संगणक, काही मोडेम आणि मार्कस वॉट्सने लिहिलेली ‘पिकोस्पॅन’ ही प्रणाली, एवढंच भांडवल. पडद्यावर चित्र नाही, रंग नाही. आज्ञा टंकायच्या, विषय उघडायचा, आधीच्यांचं लिखाण वाचायचं आणि त्याच्याखाली आपलं जोडायचं.

ब्रँडने सुरुवातीलाच दोन नियम घालून दिले आणि पुढची सगळी वर्षं तो मंच या दोन नियमांवर उभा राहिला. टोपणनाव कोणतंही घ्या, पण त्यामागचं खरं नाव कोणालाही पाहता आलं पाहिजे, हा पहिला. तुमच्या शब्दांचे मालक तुम्हीच, हा दुसरा. दुसऱ्या नियमामागे ब्रँडचा हिशेब व्यवहारी होता: कोणी काही वावगं लिहिलं तर कायदेशीर जबाबदारी लिहिणाऱ्याची, मंचाची नाही. सभासदांनी मात्र त्याचा अर्थ फार मोठा लावला. इथे जे साचलंय ते आमचं आहे, असं ते मानू लागले. पुढच्या प्रत्येक मालकाची या समजुतीशी गाठ पडली.

मंच चालवायला जी माणसं आली ती संगणकवाली नव्हती, आणि हे फार बरं झालं. मॅथ्यू मॅक्‌क्लूर, क्लिफ फिगालो आणि जॉन कोट हे तिघंही टेनेसीतल्या ‘द फार्म’ या वसाहतीत अनेक वर्षं राहून आलेले होते. हजारावर माणसं, सामायिक पैसा, सामायिक शेती आणि रोजची भांडणं, असं ते आयुष्य. एकत्र राहणारी माणसं कशावरून बिथरतात आणि कशाने शांत होतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. कोटने नंतर आपल्या कामाची तुलना खानावळवाल्याच्या कामाशी केली: नव्या पाहुण्याचं स्वागत करायचं, त्याची इतरांशी ओळख करून द्यायची, दंगा करणाऱ्याला बाजूला घेऊन बोलायचं. चर्चेच्या प्रत्येक दालनाला एक यजमान नेमलेला असे. त्याला तासांचे पैसे पडत नसत आणि त्या बदल्यात चर्चा जिवंत ठेवणं हे त्याचं काम. सॉसालिटोच्या कार्यालयात दर महिन्याला मेजवानी होई. रात्रभर एकमेकांवर तुटून पडलेले लोक तिथे समोरासमोर येत. मायबोली, मनोगत किंवा मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांच्या कट्ट्यांना गेलेल्या वाचकाला या भेटींचं मोल वेगळं सांगायला नको.

पैशाची बाजू सावरली ती ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांनी. त्यांचं दालन 1986 मध्ये उघडलं आणि गाणी, मैफली, ध्वनिफिती यांवर तास न् तास बोलणाऱ्या या मंडळींच्या बिलांवर मंच तगला. त्याच वेळी आई-बापांच्या दालनात वेगळंच काही घडत होतं. एका सभासदाच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं, तेव्हा तिथे जमलेल्यांनी माहिती, धीर आणि सोबत दिली. हॉवर्ड राइनगोल्डने 1993च्या ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या पुस्तकात हे सगळं मांडलं आणि ‘द वेल’चं नाव जगभर झालं.

या मंचाचं वजन किती होतं हे 1990 मध्ये दिसलं. वायोमिंगमधला गुरांचा व्यवसाय सांभाळलेला गीतकार जॉन पेरी बार्लो याच्याकडे एफबीआयचा एक अधिकारी अ‍ॅपलच्या चोरलेल्या प्रणालीची चौकशी करायला आला. अधिकाऱ्याला संगणकातलं काही कळत नाही, हे बार्लोच्या ध्यानात आलं आणि त्याने तो सगळा प्रसंग ‘द वेल’वर लिहिला. ते वाचून लोटस कंपनीचा संस्थापक मिच केपॉर आपलं विमान वाकडी वाट करून वायोमिंगच्या पाइनडेल गावी घेऊन गेला. त्या भेटीतून डिजिटल हक्कांसाठी लढणारी ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ उभी राहिली.

सुधारणा बहुतेक खालून आल्या. त्रासदायक माणसाचं लिखाण आपल्यापुरतं दिसू नये म्हणून सभासदांनीच एक चाळणी तयार केली. आपलं लिखाण पुसायची सोय होती, पण पुसल्याची खूण तिथे राहायची. त्यामुळे गुपचूप काही नाहीसं करता येत नसे. एका जुन्या सभासदाने एकदा आपलं सगळं लिखाण एका फटक्यात पुसून टाकलं तेव्हा असंख्य चर्चांना भोकं पडली. शब्द त्याचे होते हे खरं, पण त्या शब्दांना उत्तर देणाऱ्यांचं काय? हा प्रश्न नियमाने सुटणारा नव्हता आणि सुटलाही नाही.

मग मालकी बदलू लागली. रॉकपोर्ट या बुटांच्या कंपनीचा संस्थापक ब्रूस कॅट्झ याने आधी निम्मा वाटा घेतला आणि 1994 मध्ये उरलेलाही घेऊन तो एकटा मालक झाला. कॅट्झला खलनायक ठरवण्याची पद्धत आहे, ती अन्यायाची आहे. त्याने पैसा ओतला. रडतखडत चालणारी यंत्रं बदलली, मंच वेबवर आणला. सभासद वर्षानुवर्षं ज्या गोष्टींसाठी कुरकुरत होते त्यातल्या बऱ्याच त्याने केल्या.

तरीही माणसं बिथरली, कारण त्याची नजर आणखी कुठे तरी होती. असे मंच शहरोशहरी काढायचे, इंटरनेट जोडणीचा मोठा धंदा उभारायचा, असे त्याचे बेत होते. जमलेल्या माणसांकडे तो नमुना म्हणून पाहत होता आणि हे त्या माणसांना दिसत होतं. मंचावर त्याने काही लिहिलं की त्यावर तुटून पडणारे जुने सभासद असत. खानावळ विकत घेतलेला माणूस आपल्याच पंगतीत परका झाला. त्याआधीच, 1992 मध्ये, फिगालो सोडून गेला होता. काही सभासद बाहेर पडले आणि त्यांनी ‘द रिव्हर’ नावाचा, सभासदांच्याच मालकीचा वेगळा मंच काढला. इकडे जोडणीचा धंदाही कॅट्झला फळला नाही. तो विकून त्याने केवळ मंच ठेवला.

1999 मध्ये ‘सलॉन’ या ऑनलाइन नियतकालिकाने ‘द वेल’ घेतला. त्याच वर्षी ‘सलॉन’ शेअर बाजारात उतरलं, पुढच्याच वर्षी डॉटकॉमचा फुगा फुटला आणि नव्या मालकाला स्वतःचा जीव वाचवणं अवघड झालं. पण मंचाच्या दृष्टीने पाहिलं तर हा काळ शांततेचा गेला. मालकाकडे पैसा नव्हता आणि ढवळाढवळही नव्हती. यजमान आपापली दालनं सांभाळत राहिले. सभासद घटत गेले, नवे कमी आले, पण रोजची चर्चा खंडली नाही. ‘सलॉन’चा स्वतःचा ‘टेबल टॉक’ हा मंच होता. तो 2011 मध्ये बंद झाला. वर्गणी देऊन वाचणारे-लिहिणारे सभासद असलेला ‘द वेल’ मात्र विकाऊ ठरला.

2012 मध्ये ‘सलॉन’ने तो विक्रीला काढला, तेव्हा मंचावरच पैसे जमवण्याची चर्चा सुरू झाली. जुन्या सभासदांच्या गटाने ‘द वेल ग्रुप’ ही कंपनी स्थापन केली आणि सप्टेंबरमध्ये 4 लाख डॉलरना मंच विकत घेतला. एकेकाळी दहा हजारांच्या आसपास गेलेली सभासदसंख्या तोवर तीन हजारांच्या आत आली होती. विकत घेणाऱ्यांना ती वाढवून बाजारात मांडायची नव्हती. रोज संध्याकाळी ज्या माणसांशी बोलायचो त्यांच्याशी उद्याही बोलता यावं, एवढ्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले.

तिन्ही विक्रींत सर्वांत चांगला व्यवहार हाच झाला, आणि तो सत्तावीस वर्षं उशिरा झाला. 1985 मध्येच सभासदांना वाटा देता आला असता तर कॅट्झच्या काळातली पडझड बरीच टळली असती. आज ‘द वेल’ लहान आहे, वर्गणीवर चालतो आणि खऱ्या नावाचा नियम अजून कायम आहे. त्याचं ‘इंकवेल’ हे दालन कोणालाही वाचता येतं. तिथे दर जानेवारीत विज्ञानकथाकार ब्रूस स्टर्लिंग आणि जॉन लेब्कोव्हस्की सरत्या वर्षाच्या जगाविषयी चर्चा करतात. मराठीतल्या ज्या मंचांवर आपण वर्षानुवर्षं फुकट वावरतो, त्यांच्या चालकांकडे उद्या कोणी चेकबुक घेऊन आलं तर काय करायचं, हे सभासदांनी आताच बोलून ठेवावं.