फिरत्या गोळ्याची ओढ

अंथरलेल्या सोलापुरी चादरीवर पितळेचा तांब्या ठेवा आणि दाबून जरा फिरवा. चादरीला भोवताली पीळ पडतो. जवळ ज्वारीचे चार दाणे टाकले असतील तर तेही त्याच दिशेला सरकतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी भाच्याला मी हे करून दाखवले. तो म्हणाला, "मामू, यात काय विशेष?"

विशेष असे, की आकाशातही काहीसे असेच घडते. वस्तुमानामुळे अवकाश वक्र होते, हे आइन्स्टाइनने १९१५ साली मांडले. तीन वर्षांनी योसेफ लेन्स आणि हान्स थिरिंग या ऑस्ट्रियन अभ्यासकांनी गणिताने दाखवले, की जड गोळा स्वतःभोवती फिरत असेल तर तो भोवतालचे अवकाशही किंचित ओढतो आणि जवळच्या उपग्रहाची कक्षा त्याच दिशेला सरकते. पृथ्वीची ही ओढ फारच क्षीण. ती मोजायची कशी?

कृष्णविवराजवळ मात्र ती प्रचंड. फिरत्या विवराचे गणित रॉय कर यांनी १९६३ मध्ये सोडवले. अशा विवरातून ऊर्जा काढता येईल, असे रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये सुचवले: विवराजवळ वस्तूचे दोन तुकडे व्हावेत, एक आत पडावा, दुसरा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर यावा. पण तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने विलग व्हावे लागतात, असे पुढे दिसले आणि कल्पना मागे पडली. १९८५ मध्ये संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी तिला पुन्हा जीव दिला. विवराभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर ती वेगाची अट उरत नाही, हे त्यांनी दाखवले. यातले दधीच पुण्यात वि. वा. नारळीकरांच्या हाताखाली घडलेले. आणि हे नारळीकर आपल्या कोल्हापूरचे.

पृथ्वीची ओढ मोजायला २००४ साल उजाडले. लागिऑस नावाच्या दोन उपग्रहांवर वर्षानुवर्षे लेसर किरण सोडून पाहिले, तेव्हा त्यांच्या कक्षा या ओढीने दरसाल सुमारे दोन मीटर सरकताना आढळल्या. २०११ मध्ये ग्रॅव्हिटी प्रोब बी यानातल्या फिरत्या गोळ्यांनीही तीच साक्ष दिली.

थिरिंग १९७६ मध्ये वारले, लेन्स १९८५ मध्ये. आपले गणित खरे ठरलेले दोघांनीही पाहिले नाही. आम्ही कवी मंडळी कविता छापून आली की आठवड्याभरात दाद मागतो. भाच्याला एवढे सांगितले आणि चादरीवरचे दाणे वेचायला बसलो.